ओळखीचा दगड: रोव्हरच्या कॅमेऱ्यासमोर उल्कापाषाण का ठेवतात?

नागपूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मंगळावर जाणाऱ्या रोव्हरचे कॅमेरे तपासताना त्यांच्यासमोर उल्कापाषाण ठेवून फोटो काढतात असं वाचलं. इतके दुर्मिळ दगड कशासाठी? आपल्याकडचा साधा बेसॉल्ट का चालत नाही? आणि यातलं काही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघता येईल का?"

तिन्ही प्रश्न चांगले आहेत. शास्त्रीय कामासाठी लागणारे कॅमेरे कॅलिब्रेट करण्यात, म्हणजे त्यांचे आकडे माहीत असलेल्या मापांशी ताडून जुळवण्यात, माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि दगडांचे फोटो मी माणसांच्या फोटोंपेक्षा जास्त काढले असतील. तेव्हा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. रोव्हरच्या मास्टवरचा, म्हणजे उभ्या खांबावरचा, कॅमेरा हे मोजमापाचं साधन आहे. त्याच्या प्रत्येक पिक्सेलमधला आकडा 'या ठिकाणाहून या तरंगलांबीचा इतका प्रकाश परत आला' असं सांगत असतो. तो आकडा खरा की खोटा हे तपासायचं असेल, तर समोरची वस्तू आपल्याला आतून-बाहेरून माहीत असायला हवी. उल्कापाषाण, म्हणजे ज्याला आपण अशनी म्हणतो, तो असा दगड आहे की त्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले असतात, खनिजांचं रासायनिक विश्लेषण झालेलं असतं, प्रयोगशाळेतल्या स्पेक्ट्रोमीटरवर त्याचा वर्णपट घेतलेला असतो. उत्तर आधीच हातात आहे. आता कॅमेरा तेच उत्तर देतो का, एवढंच बघायचं.

हे न जमल्यास काय होतं, याचं उदाहरण १९७६ सालचं आहे. व्हायकिंग १ मंगळावर उतरल्यावर दुसऱ्या दिवशी, २१ जुलैला, पहिलं रंगीत चित्र आलं. घाईत केलेल्या रंगांच्या जुळणीत आकाश निळसर दिसलं. नंतर यानावरच्या रंगपट्ट्यांशी नीट ताळमेळ घातल्यावर ते गुलाबी-तांबूस निघालं. कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. आकड्यांवरून रंगाकडे जाण्याच्या वाटेवर आपली पृथ्वीची सवय आडवी आली होती. आकाशाच्या बाबतीत ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. एखाद्या दगडाच्या बाबतीत कदाचित कधीच लक्षात येणार नाही.

आता 'बेसॉल्ट का नाही' याबद्दल. बेसॉल्ट चालतो, आणि वापरतातही. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टच आहे, आणि आपला दख्खनचा काळा पाषाण त्याला जवळचा आहे. एक सुंदर धागा सांगतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या गया भागात शेरघाटीला एक दगड आकाशातून पडला. मंगळावरून आलेल्या उल्कापाषाणांच्या सगळ्यात मोठ्या गटाला त्याच्यावरूनच 'शेरगोटाइट' म्हणतात. त्याच दगडात १८७२ साली मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं. प्रचंड आघाताने फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून त्याची काच होते, ती ही. आणि हेच मास्केलिनाइट आपल्या लोणारच्या बेसॉल्टमध्येही सापडलं आहे, कारण लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसॉल्टवर झालेल्या आघातातूनच बनलं. तेव्हा लोणारचा दगड आणि शेरगोटाइट शेजारी ठेवले तर रोव्हरच्या कॅमेऱ्याला फरक करणं कठीण जावं. म्हणून चाचणीत दोन्ही हवेत. एक उत्तर म्हणून, दुसरा चकवा म्हणून.

पण बेसॉल्टने भागत नाही त्याचं दुसरं कारण थेट मंगळावरच आहे. तिथे उल्कापाषाण पडलेले आहेत आणि रोव्हरना ते भेटतात. जानेवारी २००५ मध्ये ऑपॉर्च्युनिटीला स्वतःच्या टाकून दिलेल्या उष्णतारोधक कवचाजवळ बास्केटबॉलएवढा एक दगड दिसला. तो लोखंड आणि निकेलचा निघाला. दुसऱ्या ग्रहावर ओळखलेला हा पहिला उल्कापाषाण. पुढे २००९ मध्ये 'ब्लॉक आयलंड' सापडला, २०१६ मध्ये क्युरिऑसिटीला 'एग रॉक'. हे दगड कळायला हवेत, कारण लोखंडी उल्कापाषाण किती गंजला आहे यावरून तो पडल्यापासून तिथे पाण्याचा अंश किती होता याचा अंदाज बांधता येतो. ते शोधून काढणारा पहिला डोळा कॅमेऱ्याचाच असतो. रोव्हर प्रत्येक दगडापाशी जाऊन लेझर मारत बसत नाही. लांबून फोटो येतात, आणि कुठे जायचं ते त्यावरून ठरतं.

युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरवरचा पॅनकॅम हा कॅमेऱ्यांचा संच घेऊन प्रत्यक्ष मोजमापाकडे येऊ. सुमारे दोन मीटर उंचीच्या मास्टवर दोन वाइड अँगल कॅमेरे पन्नास सेंटिमीटर अंतरावर बसवलेले आहेत, आणि सोबत एक हाय रेझोल्यूशन कॅमेरा. वाइड अँगल कॅमेऱ्यांपुढे फिल्टरची चाकं फिरतात. त्यात भूशास्त्रासाठीचे बारा फिल्टर ४४० नॅनोमीटरपासून १००० नॅनोमीटरपर्यंत आहेत. आपल्या डोळ्याला साधारण ७०० च्या पुढचं दिसत नाही, आणि दगडांची खरी ओळख तिथेच सुरू होते.

पायरॉक्सीन आणि ऑलिव्हीन ही दोन खनिजं बहुतेक दगडी उल्कापाषाणांत असतात. दोन्हींतलं लोह १००० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून घेतं, म्हणजे वर्णपटात तिथे खळगा पडतो. कमी कॅल्शियमच्या पायरॉक्सीनचा खळगा ९०० ते ९३० च्या आसपास असतो, त्यामुळे १००० पर्यंत जाताना आलेखाची रेघ परत वर वळलेली दिसते. ऑलिव्हीनचा खळगा रुंद असतो आणि त्याचा तळ १०५० च्या जवळ. १००० ला थांबणाऱ्या कॅमेऱ्याला त्याचा तळ दिसतच नाही, फक्त उतार दिसतो. म्हणजे शेवटचे तीनच आकडे, ९००, ९५० आणि १०००, यांच्यावर सगळा निवाडा. रेघ वळली की नाही? या तीन आकड्यांपैकी एक जरी दोन-तीन टक्क्यांनी चुकला, तरी पायरॉक्सीनचा ऑलिव्हीन होऊ शकतो.

आणि अडचण अशी की नेमक्या याच जागी कॅमेरा सगळ्यात कमजोर असतो. सेन्सर सिलिकॉनचा. १००० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सिलिकॉन जवळजवळ पारदर्शक होत जातं, प्रकाश आरपार निघून जातो. सेन्सर थंड झाला की ही संवेदनशीलता आणखी घटते. मंगळावर सकाळी आणि दुपारी तापमानात प्रचंड फरक असतो. म्हणजे तोच दगड, तोच फिल्टर, पण सकाळचा १००० चा आकडा आणि दुपारचा आकडा वेगळा. तापमानाची दुरुस्ती लावली नाही तर दगड सकाळी एक आणि दुपारी दुसरा वाटेल. माझ्या मते कॅमेरा तपासणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी हीच जागा आहे, आणि बहुतेक नवखी मंडळी लेन्सच्या धारदारपणात रमलेली असतात.

धारदारपणाचंही महत्त्व आहेच, त्याचा साधा हिशोब करू. वाइड अँगल कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र ३८ अंश, पिक्सेल १०२४. दोन मीटरवरच्या दगडावर एक पिक्सेल साधारण १.३ मिलिमीटरचा पडतो. हाय रेझोल्यूशन कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र ५ अंश, त्याचा पिक्सेल ०.१७ मिलिमीटर. आता सामान्य कॉन्ड्राइट प्रकारच्या दगडी उल्कापाषाणात कॉन्ड्रूल नावाचे गोल दाणे असतात. सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी वितळून थिजलेले हे थेंब साधारण पाव मिलिमीटर ते एक मिलिमीटरचे असतात. पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात ते नसतात. वाइड अँगलला ते दिसणार नाहीत. हाय रेझोल्यूशनला मोठे दाणे पाच-सहा पिक्सेलचे दिसतील, तेही दगड ताजा फुटलेला असेल तरच.

इथे तुमच्या नागपूरचा दगड आठवतो. २२ मे २०१२ रोजी काटोलला उल्कापाषाण पडला. तो एल-६ वर्गाचा कॉन्ड्राइट आहे. 'एल' म्हणजे लोह कमी असलेला. आणि '६' म्हणजे मूळ लघुग्रहाच्या पोटात तो इतका तापला की कॉन्ड्रूलच्या कडा आजूबाजूच्या खनिजात विरघळून गेल्या. जवळून, भिंगातून पाहिलं तरी दाणे पुसटच. कॅमेरा तपासणाऱ्याने '३' वर्गाचा एक, जिथे दाणे टपोरे दिसतात, आणि '६' वर्गाचा एक, असे दोन्ही समोर ठेवले पाहिजेत. सुबक दाण्यांचा एकच नमुना ठेवून 'आमचा कॅमेरा कॉन्ड्राइट ओळखतो' म्हणणं बरोबर नाही. मंगळावर '६' वाला भेटण्याची शक्यताही तितकीच आहे.

शिवाय पडलेला दगड फुटलेलाच असेल असं नाही. वातावरणातून येताना त्याचा बाहेरचा थर वितळतो आणि काळं, काचेसारखं वितळकवच तयार होतं, बहुतेकदा एक मिलिमीटरपेक्षा पातळ. त्या कवचाचा वर्णपट सपाट आणि काळोखा. आत काय आहे ते कॅमेऱ्याला दिसतच नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या निदान तीन बाजू टिपायला हव्यात: कवचाची, तुटलेली आणि कापलेली. कापलेल्या बाजूवर फार विसंबू नका. करवतीच्या रेघा आणि चकाकी मंगळावर नसतात.

चकाकीवरून एक अनुभव सांगतो, कारण त्यातून मी बरंच शिकलो. एका लोखंडी उल्कापाषाणाचा कापलेला तुकडा आम्ही टिपत होतो. धातूचा वर्णपट अगदी साधा असतो, निळ्याकडून अवरक्ताकडे (इन्फ्रारेडकडे) हळूहळू चढत जाणारी सरळ रेघ, खळगा नाही. आमच्या रेघेला मात्र ४४० आणि ५०० ला एक फुगवटा येत होता. दिवा तपासला, फिल्टर तपासले, दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी प्रतिमा मोठी करून पाहिली तेव्हा धातूच्या पृष्ठभागावर एक फिकट निळा डाग दिसला. तो माझ्या शर्टाचा होता. लोखंड आरशासारखं वागतं, आजूबाजूचं जे असेल ते परत देतं. तेव्हापासून चाचणीच्या खोलीत काळं कापड, काळे कोट, आणि एकच नमुना किमान पाच कोनांतून टिपायचा हा नियम झाला. मंगळावर शर्ट नाही, पण तांबूस आकाश आहे, आणि लोखंडी दगड त्याचंच प्रतिबिंब दाखवणार. ऑपॉर्च्युनिटीच्या त्या पहिल्या दगडाचा औष्णिक वर्णपट घेतला तेव्हा उपकरणाला दगडाऐवजी आकाशासारखीच खूण दिसली होती, आणि तो धातू असल्याचा तोच एक सुगावा ठरला.

आकाशाच्या या रंगामुळेच रोव्हरवर रंगपट्ट्यांची थाळी असते. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटीवरच्या थाळीच्या मधोमध एक काठी होती, सूर्यघड्याळासारखी. काठीच्या सावलीत पडणारा प्रकाश फक्त आकाशाकडून आलेला, उन्हात पडणारा दोन्हींकडून. दोघांची तुलना केली की आकाशाचा वाटा वेगळा काढता येतो. पर्सिव्हरन्स रोव्हरच्या मास्टकॅम-झेड या कॅमेऱ्याच्या थाळीवर पट्ट्यांभोवती चुंबकं आहेत. मंगळाची धूळ चुंबकाला चिकटते, त्यामुळे ती कडेला ओढली जाऊन मधला भाग त्यातल्या त्यात स्वच्छ राहतो.

पर्सिव्हरन्सवर तर उल्कापाषाण स्वतःच गेला आहे. ओमानच्या वाळवंटात १९९९ मध्ये सापडलेल्या सायह अल उहायमिर ००८ या मंगळाच्या दगडाचा एक तुकडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने दिला. तो शेरलॉक या उपकरणाच्या कॅलिब्रेशन थाळीवर बसवलेला आहे. मंगळाचा दगड परत मंगळावर. निवडताना तो उड्डाणाचे हादरे सोसेल इतका टणक आहे का, हेही पाहिलं गेलं, कारण मंगळाचे काही दगड ठिसूळ असतात. हे मला फार आवडतं. प्रयोगशाळेत ज्याच्यावर हात बसवला तोच दगड तिथेही सोबत असेल, तर उपकरण बदललं की परिस्थिती बदलली हे वेगळं करता येतं.

धुळीबद्दल थोडं. केसाच्या जाडीएवढा धुळीचा थर खालच्या दगडाचा वर्णपट जवळजवळ पुसून टाकतो आणि सगळं तांबूस होतं. म्हणून चाचणीत दगडावर मंगळासारखी माती चाळणीने टप्प्याटप्प्याने पसरवतात आणि प्रत्येक टप्प्याला फोटो घेतात. कितव्या थराला ओळख हरवते, तो आकडा मोहिमेच्या कामाचा असतो, कारण ब्रश कधी वापरायचा ते त्यावरून ठरतं.

नमुना निवडताना आणखी एक खबरदारी. वाळवंटात हजारो वर्षं पडून राहिलेल्या दगडात पृथ्वीचा गंज आणि चुनखडीच्या शिरा शिरलेल्या असतात. गंजामुळे ४०० ते ६०० च्या पट्ट्यात रेघ खाली ओढली जाते, आणि ती खूण मंगळाच्या धुळीसारखीच दिसते. म्हणून शक्य तिथे पडताना पाहिलेले दगड घ्यावेत. नायजेरियातला १९६२ चा झगामी, मोरोक्कोतला २०११ चा तिसिंत, असे. अर्थात त्यांचा ग्रॅमसुद्धा मौल्यवान असतो, त्यामुळे दोन्ही प्रकारांचं मिश्रण करावं लागतं.

एक गैरसमज दूर करतो. जो कॅमेरा प्रत्यक्ष मंगळावर जाणार आहे, त्याच्याजवळ दगड सहसा जात नाहीत. तो स्वच्छ कक्षात असतो, आणि तिथे धुळीचा एक कणही नको असतो. त्याचं कॅलिब्रेशन मुख्यतः इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळीकडे सारखा प्रकाश देणारा पोकळ गोळा), मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचा प्रकाश देणारं उपकरण) आणि ठिपक्यांच्या पाट्या यांच्यावर होतं. शेवटी फार तर दगडांचे तुकडे पक्के चिकटवलेला एखादा फलक समोर ठेवतात. दगडांचं मोठं काम होतं ते कॅमेऱ्याच्या जुळ्या भावावर. ॲबरिस्टविथ विद्यापीठाने पॅनकॅमची अशी नक्कल बनवली, तेच फिल्टर, तेच कोन, पण बाजारात मिळणारे कॅमेरे. ती घेऊन लोक आइसलँडच्या खडकाळ रानातही गेले आहेत.

आता कॉलेजचं. होय, करता येईल, आणि करावंच.

साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरसमोर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे ७०० च्या पुढचं जवळजवळ काहीच मिळणार नाही. रास्पबेरी पायचा नोआयआर कॅमेरा घ्या, त्यात ती काच नसते. त्यासमोर ८५०, ९५० आणि जमल्यास १००० चे फिल्टर, आणि दृश्य पट्ट्यातले तीन-चार. दिवा हॅलोजनचाच हवा. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो आणि मुलं तासन्‌तास गोंगाटाचे, म्हणजे नुसत्या दाणेदार ठिपक्यांचे, फोटो काढत बसतात. दिवा अर्धा तास आधी लावून ठेवा. तो ३० अंशांवर तिरका, कॅमेरा सरळ वर. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद, आणि कच्ची फाइलच साठवायची.

पांढरा संदर्भ म्हणून विकतचं मानक परवडणार नाही. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या, काळ्या पाटीवर तिचे पंधरा-वीस थर दाबून बसवा, खालचं काळं अजिबात झिरपून दिसेनासं होईपर्यंत. हा पांढरा अवरक्तातही चांगला पांढरा राहतो. मग प्रत्येक फिल्टरला चार फोटो: लेन्स झाकून, पांढरी पाटी, दगड, आणि पुन्हा पांढरी पाटी. दगडाच्या फोटोतून काळोख, म्हणजे झाकलेल्या लेन्सचा फोटो, वजा करा, पांढऱ्यातून काळोख वजा करा, एकाला दुसऱ्याने भागा. दोन पांढऱ्या पाट्यांचे आकडे एक टक्क्याहून जास्त वेगळे आले तर विजेचा दाब हलला असं समजा आणि तो दगड पुन्हा टिपा.

दगड कुठून आणायचे? दख्खनचा बेसॉल्ट दारात आहे, ताजा फोडलेला आणि उन्हापावसाने लाल झालेला, दोन्ही घ्या. भट्टीतलं स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारी मळी, घ्या, लोक उल्का म्हणून मला सगळ्यात जास्त तेच आणून दाखवतात. खरा उल्कापाषाण मिळवण्यासाठी भूशास्त्र विभागाच्या संग्रहात विचारा. भारतात पडलेले उल्कापाषाण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे सोपवले जातात आणि या सर्वेक्षणाचं एक मोठं केंद्र नागपूरलाच आहे. प्राध्यापकांचं पत्र घेऊन निदान दाखवण्याची विनंती करा. ऑनलाइन 'मंगळाचा दगड' म्हणून स्वस्तात मिळतं ते घेऊ नका. नमुन्याला अधिकृत नाव आणि वर्ग नसेल तर चाचणीसाठी तो निरुपयोगी आहे, कारण उत्तर माहीत असणं हीच आपली पहिली अट.

हाताळताना नायट्राइलचे हातमोजे हवेत. घामातल्या मिठाने लोखंड-निकेल आतून गंजायला लागतं. वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात पुड्या दर आठवड्याला बदला.

आणि शेवटची पायरी कृपा करून गाळू नका. फोटो काढणाऱ्याने दगडांना फक्त क्रमांक द्यावेत, आणि दुसऱ्या कुणीतरी, ज्याने दगड पाहिलेले नाहीत, आकड्यांवरून आणि प्रतिमांवरून कोणता उल्कापाषाण आणि कोणता नाही ते कागदावर लिहावं. कारणासहित. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बारांपैकी तीन दगड चुकले. त्यातला एक वाऱ्यावाळूने घासून काळाभोर, गुळगुळीत झालेला साधा बेसॉल्ट होता, आणि वितळकवच म्हणून सगळ्यांनी एकमताने त्याला उल्कापाषाण ठरवलं होतं. मंगळावर अशा वाऱ्याने घासलेल्या दगडांची रानंच्या रानं आहेत. तुमच्या यादीत कोणते चुकतात आणि कोणत्या फिल्टरमुळे, ते मला जरूर कळवा. ९५० चा आकडा मुद्दाम वगळून तीच परीक्षा परत घेतली तर काय होतं, तेही लिहा.